नव्वदी बंद करता येते का?

प्रश्न : आमच्या गावात देशी दारूच्या नव्वदीवरून, म्हणजे ९० मिलीच्या बाटलीवरून, लई वाद चाललाय, बायका म्हणतात बारकी बाटली खिशात मावते म्हणून पोरं शाळेमागं पितात, दुकानदार म्हणतो मग लोक १८०ची घेतील. ग्रामसभा फक्त नव्वदी बंद करू शकते का?
– एक वाचक, केज

उत्तर : नाही हो, बाटलीचं माप सरकार ठरवतं. पण अख्खं दुकानच बंद करता येतं! गावातल्या २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज उत्पादन शुल्कवाल्यांकडं द्या, सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान होतं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करा या चिन्हाला, पडली की लायसन बंद. एकूण बरं का, आलेल्यांपैकी नाही, म्हणून ऊसतोडीला गेलेल्या बाया परत आल्यावरच अर्ज करा. दुकानदाराचं म्हणणं मात्र अगदीच खोटं नाही.