सायकल चालवताना पक्षी खरंच बघता येतात का, की दोन्हींचा विचका होतो?

बघता येतात, पण त्या दिवशी सरासरी वेग विसरायचा. पुण्यात कोंढव्याकडून बोपदेव घाट चढून सासवडला जायचं, हा माझा बरीच वर्षं रविवारचा नेम आहे, त्यावरून सांगतो. स्ट्राव्हा या सायकलस्वारांच्या अ‍ॅपवरचा माझा वेगाचा आकडा बघून मित्र चिडवतात. चिडवू देत.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. तारेवरचा पक्षी चालत्या सायकलला फारसा भीत नाही, भितो तो थांबणाऱ्या सायकलला. घाट संपून भिवरीच्या पुढे लागलं की हिवाळ्यात तारेवर नीलपंख बसलेला असतो. बसलेला असताना तसा मळकटच दिसतो. उडाला की पंखांत गडद आणि फिकट अशा दोन निळ्या पट्ट्या उघडतात. सुरुवातीला मी बरोबर त्याच्याखाली ब्रेक मारायचो आणि दर वेळी फक्त त्याची पाठ बघायचो. आता बघितलंच नाही असं दाखवून पन्नास-साठ पावलं पुढे जातो, उतरतो आणि सायकल हातात धरून तिच्या आडून हळूहळू मागे येतो. निम्म्या वेळा तरी तो जागेवर सापडतो.

फ्रीव्हीलचंही तसंच. पॅडल थांबवलं की मागच्या चाकाची टिकटिक सुरू होते आणि माळावरच्या शांततेत ती लांबपर्यंत जाते. पॅडल अगदी हलकं फिरवत राहिलात तर आवाज येत नाही. टिटवीपुढे मात्र ही युक्ती चालत नाही, ती गावभर बोंब ठोकतेच.

चढावर डोळ्यांपेक्षा कान कामाला येतात. ताशी सात-आठचा वेग, मान खाली, धाप लागलेली. दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं. मे-जूनमध्ये पावशा 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणत एकेक सूर वर चढवत नेतो. आपला दम संपत आलेला असताना त्याचा संपत नाही, याचा मला खरोखर राग येतो. इयरफोन घरी ठेवा, मागून येणारा डंपर ऐकू यावा म्हणूनसुद्धा.

पावसाळ्यात मी किलोमीटर मोजतच नाही. विहिरीवर झुकलेली, सुगरणीची घरटी लोंबणारी एखादी बाभूळ गाठतो आणि पाऊण तास तिथेच बसतो. नाव सुगरणीचं, पण विणकाम सगळं नराचं. अर्धं घरटं झालं की तो त्याला लटकून पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी येते, आत डोकावते, कधी चोचीने चार काड्या ओढून बघते. पसंत पडलं तर पुढे बोगद्यासारखं दार विणलं जातं, नाही तर ते घरटं तसंच अर्धवट लोंबत राहतं आणि हा पठ्ठ्या दुसरं सुरू करतो.

चालवता चालवता वर बघायचं नाही, हा नियम मी गुडघा सोलवटून शिकलो. कापशी घार हवेत एका जागी पंख मारत थांबली होती. मी तिच्याकडे बघत राहिलो आणि चाक डांबराच्या कडेवरून खाली मुरमात उतरलं. तिने उंदीर धरला की नाही, ते बघायचं राहूनच गेलं.

सामान फार लागत नाही. ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण आडव्या पट्ट्याने छातीशी घट्ट बांधा, गळ्यात लोंबती ठेवलीत तर हँडलवर आपटते. क्लीटचे, म्हणजे पॅडलमध्ये अडकणारी कडक पट्टी तळाला असलेले बूट नकोत, दगडावर टकटक वाजतात. चमकदार जाकीट मात्र रस्त्यावर असेपर्यंत काढू नका. आणि वाहनावरून कसले पक्षी बघतोस, असं कुणी म्हणालं तर सांगा, पक्षीतज्ज्ञ सलीम अली १९५० साली स्वीडनमधल्या पक्षीशास्त्र परिषदेला जाताना आपली मोटरसायकल बोटीने युरोपात घेऊन गेले होते. आपली तर साधी सायकल आहे.

घाट एकदम नको असेल तर आधी हडपसरच्या पुढे सोलापूर रस्त्याला कवडीपाटला जा. रस्ता सपाट आहे. हिवाळ्यात बंधाऱ्यावर शेकाटे, धोबी आणि हिमालयापलीकडून आलेले चक्रवाक अगदी जवळून दिसतात. फक्त मुळा-मुठेचं पाणी आहे, नाकाला रुमाल न्या.