पावणेदोन वर्षांची झाली, अजून चालत नाही

“मॅडम, शेजारचा मुलगा वर्षाचा होता होता चालायला लागला. माझी २१ महिन्यांची झाली, आधाराशिवाय उभीही राहत नाही. माझंच काही कमी पडतंय का?”

दांडिया बाजारातून आलेल्या त्या आईचा आवाज कापत होता. वडोदऱ्यात डाऊन सिंड्रोम (जन्मतःच एक गुणसूत्र जास्त असणं) असलेल्या मुलांच्या कितीतरी आया मला हेच विचारतात.

“ताई, आधी तिला खाली सोडा,” मी म्हटलं. पोर सतरंजीवर दोन्ही पाय पार फाकवून बसली आणि तशीच पुढे वाकून तिनं पोट जमिनीला टेकवलं. आजी कौतुकानं म्हणाल्या, “बघा, अंग कसं लवतंय!”

उत्तर तिथंच होतं. या मुलांचे स्नायू मुळात सैल, सांधे धरून ठेवणारे बंध ढिले, आणि धडाच्या मानानं हातपाय आखूड. मग तोल सांभाळायला ती गुडघे मागे ताठ करतात, पावलं बाहेर वळवतात. शिवाय हिच्या हृदयाला छिद्र होतं. सातव्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली, तोवर दूध पितानाही ती दमायची. अंगात ताकद यायची कधी? यात आईचं काय चुकलं! या मुलांचं चालणं सरासरी दोन वर्षांच्या आसपास सुरू होतं, बहुतेकांचं तीन वर्षांपर्यंत, काहींचं चौथ्या वर्षीही.

घरातला वॉकर मात्र मी बंद करायला लावला. त्यात मूल लोंबकळतं, चवड्यांनी ढकलतं, पायांवर भार घेतच नाही. आजींचा लाकडी पांगुळगाडा चालेल, पण ती धरून नीट उभी राहायला लागल्यावर, आणि वजन बांधून. नाहीतर तो पुढे पळतो.

थायरॉइडची तपासणी वर्षभरात झाली नव्हती. या मुलांची ती दरवर्षी व्हायलाच हवी, कारण थायरॉइड कमी पडलं की मूल आणखी सुस्त होतं. हिचं कमीच निघालं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली.

फिजिओथेरपिस्टनी घरी करायला एकच गोष्ट दिली: पाटावर बसवायचं, गुडघे जवळ, तळवे जमिनीला टेकलेले, समोर दिवाणावर खुळखुळा. उठायचं तिनं, आपण हात धरून ओढायचं नाही.

दोन महिन्यांनी आईचा फोन आला. पोर दिवाणाची कड धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकते. चालत नाही अजून. “मॅडम, दिवाणापुढे खुर्ची ठेवू म्हणतेय. किती लांब ठेवू?”

“वीतभर,” मी म्हटलं.