लेकीला या विषयात संशोधन करायचंय, पुढे काय?

प्रश्न : माझी मुलगी बीए मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला एलजीबीटीक्यू (समलिंगी, ट्रान्स वगैरे) मुलांच्या आरोग्यावर संशोधन करायचंय. यात नोकरी मिळते का? नातेवाईक नाही नाही ते विचारतील, याचीही धास्ती वाटते. – एक आई, सांगली

उत्तर : ताई, विषय भक्कम आहे आणि गरजेचाही. अमेरिकेत केटलिन रायन यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं, की ज्या समलिंगी मुलांना घरच्यांनी फार झिडकारलं, त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण तसं फारसं न सोसलेल्यांच्या ८.४ पट होतं. स्टीफन रसेल यांच्या २०१८ च्या अभ्यासात १२९ ट्रान्स, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाहून वेगळी ओळख असलेले, तरुण होते. घर, शाळा, नोकरी, मित्रमंडळी यांपैकी आणखी एका ठिकाणी जरी त्यांना त्यांनी निवडलेल्या नावाने हाक मारली जात असली, तरी आत्महत्येकडे नेणारं वर्तन ५६ टक्क्यांनी कमी आढळलं. अभ्यास छोटा आहे, आणि नावामुळेच हे घडलं असं त्यावरून छातीठोक म्हणता येत नाही. असे निष्कर्ष तोलायला संख्याशास्त्र लागतं. तिला आताच त्याची बैठक घालायला सांगा. निव्वळ तळमळीवर संशोधन होत नाही.

आपल्याकडची खरी अडचण संमतीची. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमावलीनुसार १८ वर्षांखालच्यांच्या अभ्यासाला सहसा पालकांची परवानगी लागते. पण ज्या मुलाने घरी काहीच सांगितलेलं नाही, त्याच्या वडिलांची सही मागायची कशी? सही मागितली की गुपित फुटलंच. यातून सुरक्षित वाट काढणारे संशोधक आपल्याला हवेत. तोवर तिने १८ ते २५ वयोगटापासून सुरुवात करावी.

एमएसाठी मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, आकडेवारीकडे कल असेल तर देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था. प्रवेशाची पात्रता त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा. पुढे नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) देऊन पीएचडी. नोकऱ्या आरोग्य प्रकल्पांत, स्वयंसेवी संस्थांत, विद्यापीठांत मिळतात. बऱ्याच कंत्राटी असतात, सुरुवातीचा पगार बेताचा. म्हणून समुपदेशनाचं प्रशिक्षणही जोडीला असावं.

नातेवाईक विचारतील, 'ती स्वतःच तशी आहे का?' त्याचं उत्तर द्यायचं की नाही, हे तिचं ती ठरवेल. तुम्ही एवढंच म्हणा, 'ती मुलांच्या आरोग्यावर काम करते.' तुम्हीही तिला खोदून विचारू नका. कधी आपणहून काही बोललीच, तर आधी जवळ घ्या.

परीक्षा झाली की मुंबईच्या हमसफर ट्रस्टला तिने पत्र लिहावं. एलजीबीटीक्यू लोकांसाठी काम करणारी १९९४ पासूनची ही संस्था आरोग्य संशोधनही करते. पत्रात आपल्याला कोणतं काम येतं, हे नेमकं लिहायला सांगा.