पुस्तक जरूर काढा, पण आधी मेडिक्लेमचा हप्ता भरा

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. एसटीत सगळी नोकरी, शेवटची बरीच वर्षं वाहतूक नियंत्रक, आता वय ६१. स्टँडवरच्या आठवणींचं २२० पानांचं पुस्तक लिहून तयार आहे. एका कंपनीने त्यांना ‘प्रिंट ऑन डिमांड प्रीमियम पॅकेज’ दिलं आहे, १ लाख ९५ हजार रुपयांना, वर १८ टक्के जीएसटी. त्यातले २१ हजार देऊन झालेत, उरलेले महिनाअखेरपर्यंत द्यायचेत. कंपनीच्या माणसाने सांगितलंय की महिन्याला १०० प्रती सहज जातील, प्रतीमागे १२० रुपये, म्हणजे दरमहा १२ हजार घरबसल्या. प्रश्न एवढाच विचारलाय: पैसे उभे करायला पोस्टातली सीनियर सिटिझन योजना मोडू, की बँकेतल्या एफडीवर कर्ज काढू?

पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं, एक वाक्य आहे: ‘पुस्तकाचा खर्च आल्यामुळे या वर्षी मेडिक्लेम रिन्यू केला नाही. नऊ वर्षांत एकदाही क्लेम केलेला नाही. रॉयल्टी सुरू झाली की पुन्हा घेऊ.’ पॉलिसी संपून अकरा दिवस झालेत. काकूंचं वय ५८, आणि त्यांना मधुमेह आहे.

काका, पुस्तकाचं नंतर बोलू. पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला ईमेल केला होता, तेच इथे सविस्तर लिहितो, कारण ही चूक करणारे तुम्ही एकटे नाही.

वार्षिक हप्त्याच्या आरोग्य विम्याला मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत असते. तेवढ्यात हप्ता भरला तर पॉलिसी अखंड धरली जाते. मात्र मधल्या दिवसांत काही झालं तर विमा नाही, तेव्हा तीस दिवस आहेत म्हणून तिसाव्या दिवसाची वाट बघू नका. आणि एकतिसाव्या दिवशी जे जातं ते पुन्हा पैसे देऊन मिळत नाही. नवीन पॉलिसी घ्यायला गेलात की मधुमेहासारख्या आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायला लावतात, हप्ता वाढवतात किंवा सरळ नाही म्हणतात. शिवाय सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की कंपनीला ‘तुम्ही अमुक आजार लपवला’ असं म्हणून क्लेम नाकारता येत नाही; फसवणूक सिद्ध झाली तरच. तुमची नऊ वर्षं झालीत. हे कवच तुम्ही कमावलेलं आहे, आणि ते सोडून द्यायला निघाला आहात.

‘नऊ वर्षांत क्लेम नाही’ हे पॉलिसी सोडण्याचं कारण होऊ शकत नाही. तुम्ही साठी ओलांडली आहे, क्लेमची वर्षं आता सुरू होणार. महात्मा फुले योजना आहे हे खरं, पण ती यादीतल्या रुग्णालयांत आणि यादीतल्या उपचारांना. तिच्या जोडीला स्वतःची पॉलिसी असू द्या.

आणि हप्ता तुम्हाला वाटतो तेवढा नाही. गेल्या वर्षी जीएसटीसह ४६ हजार भरलेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला. कंपनीने मूळ दर वाढवला नसेल तर ३९ हजारांत काम होतं. आधी ते करा, मग पुढचं वाचा.

आता तुमचा प्रश्न. सीनियर सिटिझन योजनेला हात लावायचा नाही. तिथे १८ लाख एकाच खात्यात आहेत आणि त्यातून थोडे काढता येत नाहीत. मोडायचं तर अख्खं खातं. दोन वर्षं उलटून गेली आहेत, म्हणजे मुद्दलाच्या १ टक्का, १८ हजार रुपये, फुकट गेले. एफडीवर कर्जही नको, कारण ज्यासाठी काढताय तो खर्चच करायचा नाही.

तुमच्या घराचं उत्पन्न मांडून बघू. १८ लाखांवर ८.२ टक्क्यांनी महिन्याला १२,३०० रुपये. ईपीएसची, म्हणजे पीएफबरोबरची पेन्शन ३,२००. दोन-दोन लाखांच्या तीन एफडींवर साधारण ३,५००. एकूण १९ हजार. वर्षाचे झाले २ लाख २८ हजार. आणि पॅकेज जीएसटीसह २ लाख ३० हजार. म्हणजे तुम्हा दोघांचं वर्षभराचं सगळं उत्पन्न, किराणा-औषधांसकट, एका पुस्तकात घालायचं ठरतंय. हा आकडा त्या माणसाने तुमच्यासमोर मांडला नाही, कारण त्याला कमिशन पॅकेजवर आहे.

प्रिंट ऑन डिमांड म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण तुम्हाला त्या नावाखाली भलतंच विकलंय. नेहमीची छपाई ऑफसेटवर होते. प्लेटा बनवायच्या, मशीन लावायचं, हा खर्च शंभर प्रती काढा नाहीतर हजार, तेवढाच पडतो. म्हणून हजार काढल्या की प्रत स्वस्त होते, पण पैसे आधी गुंततात आणि गठ्ठे घरी येऊन पडतात. प्रिंट ऑन डिमांडमध्ये पुस्तकाची फाइल तयार ठेवलेली असते. कुणी ऑर्डर दिली की डिजिटल मशीनवर तेवढी प्रत छापून, चिकटवून, पाठवून देतात. प्लेटा नाहीत, साठा नाही, आधी पैसे नाहीत. फक्त प्रत महाग पडते. तुमच्या भाषेत, ऑफसेट म्हणजे एसटी, प्रवासी असोत-नसोत वेळ झाली की सुटणारच. आणि हे म्हणजे स्पेशल रिक्षा, एका माणसासाठीही निघते, म्हणून भाडं जास्त. तीन-चारशे प्रतींच्या आत काम असेल तर रिक्षाच परवडते.

आता तुमचं पॅकेज बघा. नाव ‘ऑन डिमांड’ आणि त्यात ५०० प्रती आधीच छापून तुमच्या घरी! मागणी कुणाची? तुमचीच. या पद्धतीचा जो एकमेव मोठा फायदा, की साठा करावा लागत नाही, तोच काढून घेऊन तुम्हाला उरलेलं विकलंय.

कोटेशन उघडून बघितलं. त्यांच्याच दराने प्रत १२५ रुपयांना पडते. ५०० प्रतींचे साडेबासष्ट हजार. प्रूफ, पानांची मांडणी, मुखपृष्ठ याला सढळ हाताने ३० हजार धरू. राहिले एक लाखाच्या वर. ते कशाचे? ‘आयएसबीएन आणि कॉपीराइट’ ८ हजार. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आणि तो आपल्या देशात फुकट मिळतो. शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय एजन्सी तो देते, लेखकालाही देते, अर्ज ऑनलाइन करायचा. कंपनीचा आयएसबीएन घेतलात तर नोंदीत प्रकाशक म्हणून कंपनीचं नाव लागतं. उद्या भांडण झालं तर तो क्रमांक घेऊन तुम्हाला बाहेर पडता येत नाही. कॉपीराइटचं म्हणाल तर पुस्तक लिहिलंत तेव्हाच तो तुमचा झाला, हयातभर आणि पुढे ६० वर्षं वारसांचा. नोंदणी सक्तीची नाही. हौसेने करायचीच तर सरकारी फी ५०० रुपये.

‘१५० देशांत वितरण’ म्हणजे वेबसाइटवर पुस्तकाचं एक पान. ते पान उघडणारा माणूस तुम्हालाच शोधून आणायचाय. बाकी ट्रेलर व्हिडिओ, प्रेस नोट, ‘पुरस्कारासाठी नामांकन’. नामांकनासाठी लेखकाकडूनच पैसे घेणाऱ्या पुरस्काराबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही.

रॉयल्टीचा हिशोब तर बघण्यासारखा आहे. ‘१०० टक्के रॉयल्टी’ असं ठळक छापलंय. कशाचे १०० टक्के, ते खाली बारीक अक्षरात: छपाई आणि विक्रेत्याचा वाटा गेल्यावर जे उरेल त्याचे. किंमत ३५० ठेवलीय. ऑनलाइन दुकानाचा निम्मा वाटा १७५, छपाई १२५, उरले ५०. ते १२० रुपये फक्त कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून विकल्या गेलेल्या प्रतीचे आहेत, आणि त्या वेबसाइटवर पुस्तकं विकत घ्यायला कोण जातं, हे तुम्ही तुमच्या चार मित्रांना विचारून बघा. पन्नासच्या हिशोबाने २ लाख ३० हजार वसूल व्हायला ४,६०० प्रती विकाव्या लागतील. मराठीत नावाजलेल्या प्रकाशकांची आवृत्तीही हजाराची, कधी पाचशेची निघते आणि ती संपायला वर्षं जातात. महिन्याला १०० प्रती हा आकडा आला कुठून? त्या माणसाच्या तोंडून.

तोच माणूस म्हणाला ना की तीन लाखांपर्यंतची रॉयल्टी करमुक्त? जुन्या करप्रणालीत लेखकांना तशी वजावट आहे, अटींसकट. पण तुमचं उत्पन्न सव्वादोन लाख, त्यावर कर मुळातच शून्य. नसलेला कर वाचवून दाखवला.

ई-पुस्तकाची बाजू जास्त बरी आहे, आणि कंपनीने नेमके तिचेच १५ हजार लावलेत. ॲमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तकांच्या दुकानात मराठी पुस्तकं २०१६ च्या अखेरीपासून चालतात. तिथे लेखकाला स्वतःचं पुस्तक चढवायला एक पैसा पडत नाही. रॉयल्टी ३५ टक्के किंवा ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० हवे असतील तर ते ई-पुस्तक ९० दिवस दुसरीकडे कुठेही विकायचं नाही, अशी अट मान्य करावी लागते. शंभर रुपये किंमत ठेवली तर प्रतीमागे पस्तीस, नाहीतर साठ-पासष्ट रुपये हातात येतात. सत्तर टक्के घेतले तर छापील प्रतीच्या पन्नासपेक्षा जास्तच, आणि तुमचं काहीच गुंतत नाही. वाचायला वेगळं यंत्र लागतं असं नाही, फोनवरच्या ॲपवर चालतं. मराठी ई-पुस्तकांसाठी पुण्याचं बुकगंगाही आहे. त्यांच्या अटी विचारा आणि मग एक काय ते ठरवा.

पण एक अडचण आहे आणि ती तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. तुम्ही लिहिलंय की गावातल्या डीटीपीवाल्याने श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, टाइप करून पेनड्राइव्हवर पीडीएफ दिलीय. पीडीएफ म्हणजे ई-पुस्तक नव्हे. कागदाच्या पानाचं ते चित्र. फोनवर अक्षर मोठं केलं की ओळ स्क्रीनबाहेर जाते आणि वाचणारा दोन पानांत कंटाळतो. ई-पुस्तकाला ईपब नावाची फाइल लागते, जिच्यात अक्षर वाढवलं की ओळी आपोआप नव्याने बसतात. आणि त्यासाठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत हवा. जुन्या फॉन्टमधला मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये नेता येतो, पण जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. तेव्हा रूपांतरानंतर पुन्हा एकदा प्रूफ, पहिल्या पानापासून. डीटीपीवाल्याकडून मूळ फाइल आत्ताच मागून घ्या, नुसत्या पीडीएफवर पुढचं काम अडतं. खर्च करायचाच तर या प्रूफवर करा, ट्रेलरवर नको.

आता दिलेल्या २१ हजारांचं. कंपनीला आज ईमेल करा: पॅकेज रद्द करतोय, काम सुरू झालेलं नाही, पैसे परत करा. तोंडी नाही, लेखी. दिले नाहीत तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरीही नाही मिळाले तर सोडून द्या. २१ हजार अडकलेत म्हणून आणखी २ लाख ९ हजार देणं हा काही उपाय नव्हे. महिनाअखेरच्या तारखेलाही घाबरू नका. ‘ऑफर संपतेय’ असा फोन पुढच्या महिन्यातही येईल.

पैशांची सोय अशी. तीनपैकी जी एफडी सर्वांत जुनी, कमी दराची असेल ती २ लाखांची मोडा. ३९ हजार मेडिक्लेमला. पुस्तकाला ४० हजार, त्यावर एक रुपयाही नाही: प्रूफ, मांडणी, मुखपृष्ठ ३० हजारांत, ५० प्रतींचे सव्वासहा हजार, उरलेले टपाल-कुरिअरला. ज्या प्रिंट ऑन डिमांड कंपन्या पॅकेजशिवाय, नुसती तयार फाइल घेऊन छापतात, त्यांच्याकडेच जा, तशा आहेत. उरलेले १ लाख २० हजार पुन्हा एफडीत. व्याज महिन्याला साडेचारशे-पाचशे रुपयांनी कमी होईल, ते तुम्हाला झेपेल. हे ४० हजार वहीत ‘खर्च’ म्हणून लिहा, ‘गुंतवणूक’ म्हणून नाही. रॉयल्टी उत्पन्नाच्या रकान्यात धरायची नाही. खात्यात जमा झाली तरच मोजायची. पुढच्या वर्षीचा मेडिक्लेमचा हप्ता मात्र आजपासून महिन्याला सव्वातीन हजार बाजूला काढून जमवा.

स्वतःच प्रकाशक झालात तर १९५४ च्या कायद्याने प्रकाशनापासून ३० दिवसांत चार ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवावी लागते: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईचं टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय. पॅकेजवाले हे सांगत नाहीत. तुमच्या चौतीस वर्षांच्या आठवणी मुंबईच्या टाउन हॉलमधल्या कपाटात राहणार, त्याला चार प्रती काही जास्त नाहीत.

राहिल्या ४६. तुमचा खरा गिऱ्हाईक १५० देशांत नाही, तो तुमच्या डेपोत आहे, निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यात आहे, त्या स्टँडवरून कॉलेजला जाऊन आता पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या माणसांत आहे. हातोहात २५० ला विका. प्रत १२५ ला पडते, म्हणजे ऑनलाइन दुकानापेक्षा अडीचपट सुटतात. ४६ संपल्या तर पुढच्या ५० मागवा, फाइल तयारच आहे. पाहुण्यांना भेट द्यायच्या प्रती वेगळ्या मोजा, प्रत्येकी १२५ रुपये घरखर्चातून.