किडनी कमजोर, पण फॉस्फरस नॉर्मल. मग वडिलांचं पीटीएच का वाढलं?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं क्रिएटिनीन १.९ आहे, कॅल्शियम-फॉस्फरस नॉर्मल आहेत, पण पीटीएच, म्हणजे गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोन, १३० आलंय आणि त्या ग्रंथीत गाठ तर नाही ना, अशी धास्ती वाटतेय. मी किडनीच्या रुग्णांसाठी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. असा रिपोर्ट घेऊन घाबरून आलेली घरची माणसं मला नेहमी भेटतात. अशा रुग्णांत बहुतेक वेळा मूळ आजार त्या ग्रंथीचा नसतो. किडनीची उणीव भरून काढायला ती जादा राबत असते.

दोन्ही किडन्यांत मिळून साधारण २० लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळण्या असतात. गेलेली गाळणी पुन्हा तयार होत नाही. पण जेवण तर तेवढंच! निम्म्या गाळण्या उरल्या, तर प्रत्येकीला दुप्पट फॉस्फरस बाहेर टाकावा लागतो. हे काम हार्मोन करून घेतात. बहुधा आधी हाडांतून येणारं एफजीएफ-२३ वाढतं, मागोमाग पीटीएच. गाळलेला फॉस्फरस रक्तात परत न ओढता लघवीवाटे जाऊ द्यायचा, हा दोघांचाही निरोप. तुमच्या रिपोर्टमधला 'नॉर्मल' फॉस्फरस असा राखलेला आहे.

त्याची किंमत मात्र मोजावी लागते. एफजीएफ-२३मुळे किडनीत सक्रिय व्हिटॅमिन डी कमी बनतं, त्यामुळे आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं. मग पीटीएच आणखी चढतं आणि हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तातली पातळी सांभाळतं. एफजीएफ-२३चा पत्ताही नव्हता तेव्हा, १९७२ साली, किडनीतज्ज्ञ नील ब्रिकर यांनी हा सौदा मांडला होता. मला तो विचार आजही थक्क करतो.

आता स्वयंपाकघराकडे. घाबरून सगळे आधी वरण बंद करतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. डाळीतला बराच फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो, तो पूर्ण शोषला जात नाही. कोला, प्रोसेस्ड चीज, सॉसेज यांत वरून घातलेला फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळा अंगी लागतो. पाकीट उलटं करून बारीक अक्षरांत ३३८ ते ३४१ किंवा ४५० ते ४५२ हे वरून घातलेल्या फॉस्फेटचे सांकेतिक आकडे दिसतात का बघा. दिसले तर ते पाकीट दुकानातच ठेवा. डाळीचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

व्हिटॅमिन डी तपासलंय का? ते कमी असलं तरी पीटीएच वाढतं. पुढच्या खेपेला तो रिपोर्ट आणि हिमोग्लोबिन दोन्ही सोबत न्या, कारण रक्त बनवायला लावणारं एरिथ्रोपोएटिनही किडनीतूनच येतं.