क्षयजंतूच्या प्रथिनावरची साखर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

पीएच.डी.साठी क्षयजंतूचं 'अ‍ॅपा' हे प्रथिन घेतलंस, फार आनंद झाला. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. हा जंतू पेशीला कशाच्या जोरावर चिकटतो, हे इथल्या मुलांनी खोदून काढायलाच हवं.

या प्रथिनाचा जीन ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जंतूत घातला, प्रथिन भरपूर मिळालं, आता चिकटण्याचे प्रयोग सुरू करते, असं तू लिहितेस. जरा थांब. ई. कोलाय या प्रथिनावर मॅनोज ही साखर चढवत नाही. क्षयजंतूत मात्र प्रथिन पेशीबाहेर पडतानाच आरव्ही १००२सी हे एन्झाइम त्यावर मॅनोज बसवतं. जागा चारच: प्रथिनाच्या साखळीतली थ्रिओनिन ही अमिनो आम्लं, क्रमांक १०, १८, २७ आणि २७७. एकेका जागी जास्तीत जास्त तीन मॅनोज. एवढीशी साखर, पण फुप्फुसातलं सर्फॅक्टंट प्रोटीन-ए आणि डेंड्रायटिक या रोगप्रतिकारक पेशींवरचं डीसी-साइन, दोन्ही लेक्टिनं आहेत, म्हणजे साखर ओळखून तिला चिकटणारी प्रथिनं. त्यांच्यापुढे बिनसाखरेचं प्रथिन ठेवलंस आणि ते चिकटलं नाही, तर त्यावरून क्षयजंतूबद्दल काहीच म्हणता येणार नाही.

एम. स्मेग्मॅटिस या क्षयजंतूच्या निरुपद्रवी भाईबंदात प्रथिन बनवणं सोपं आहे, तीन-चार दिवसांत कॉलनी येतात. पण तिथे मॅनोज बसण्याची तऱ्हा निराळी असते, हे १९९९ मध्येच दिसून आलंय. शक्य असेल तर मूळ क्षयजंतूच्या कल्चर फिल्ट्रेटमधलंच, म्हणजे जंतू वाढवून गाळलेल्या द्रवातलंच, प्रथिन मिळव. त्यासाठी बीएसएल-३, म्हणजे धोकादायक जंतूंसाठीची कडक सुरक्षा, असलेल्या प्रयोगशाळेकडे हात पसरावा लागला तरी पसर.

साखर दाखवायला तू कॉन-ए ब्लॉट करशील, म्हणजे जेलवर वजनानुसार वेगळी केलेली प्रथिनं मॅनोजला चिकटणाऱ्या कॉन-ए या लेक्टिनने उजळवशील. ४५-४७ किलोडाल्टनला जोडबँड उजळेल, आणि त्याच्या खाली एक धुरकट, पसरट पट्टाही. तो पट्टा लायपोअरॅबिनोमॅननचा, जंतूच्या भिंतीतल्या साखर-मेदाच्या रेणूचा. त्याच्या टोकांनाही मॅनोज असतं, आणि ते प्रथिनाबरोबर सहज वाहत येतं. मेक्सिकोत क्लारा एस्पितिया आणि राउल मान्सिया यांनी १९८९ मध्ये क्षयजंतूची ग्लायकोप्रथिनं दाखवली, तरी साखर खरोखर प्रथिनालाच जोडलेली आहे हे पक्कं झालं ते १९९५-९६ मध्ये, एकेका पेप्टाइडवर ती सापडली तेव्हा. म्हणून ब्लॉटवर थांबू नकोस, मास स्पेक कर, म्हणजे पेप्टाइडांचं नेमकं वजन मोज. आणि जेलवरचा ४५ चा आकडा साखरेच्या खात्यावर टाकू नकोस. खरं वजन बरंच कमी आहे, प्रोलिन भरपूर असल्यामुळे हे प्रथिन जेलमध्ये रेंगाळतं.

ई. कोलायमधलं प्रथिन मात्र फेकू नकोस. २०१३ च्या अभ्यासात एक विलक्षण गोष्ट दिसली: संसर्गानंतर किंवा बीसीजीनंतर टी-पेशींनी या प्रथिनाला नीट ओळखायला मॅनोज लागतं, पण उंदरांना लस म्हणून दिलं तर बिनसाखरेच्या प्रथिनानेही तेवढंच संरक्षण मिळालं. मला यातलं कोडं अजून सुटलेलं वाटत नाही. म्हणून प्रत्येक प्रयोगात दोन्ही प्रथिनं शेजारी-शेजारी लाव.

पहिला स्पेक्ट्रम आला की लगेच पाठव. २७७ वर किती मॅनोज आहेत ते आधी बघ.

तुझे सर