गाडी घ्या, पण लेकीची फी तिच्या रिसेलवर टांगून ठेवू नका

नाशिकहून एका ताईंचा मेसेज आलाय. दोघंही डेंटिस्ट, स्वतःचं क्लिनिक, सगळा खर्च जाऊन महिन्याला सव्वा लाख उरतात. लक्झरी इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्यायचीय, ऑन-रोड ७० लाख, त्यात २५ लाख स्वतःचे आणि ४५ लाख लोन, ५ वर्षांचं, ९ टक्क्यांनी. मुलगी आठवीत आहे, तिला मेडिकलला जायचंय. ताईंचं म्हणणं असं की ४ वर्षांनी ती बारावी होईल तेव्हा गाडी विकू, सेल्समन म्हणाला निम्मी किंमत तर कुठे नाही गेली, म्हणजे ३५ लाख येतील आणि ॲडमिशनचं भागेल. बरोबर आहे का हे?

ताई, गाडीला माझा विरोध नाही, तुम्ही दोघांनी पंधरा वर्षं पेशंट बघून कमावलेत ते पैसे. पण हे ३५ लाख जे तुम्ही हिशोबात धरलेत ना, तिथेच माझा जीव अडकलाय.

आधी साधं गणित. तुमचा ईएमआय साधारण ९३,४०० येतो. ४८ हप्ते भरल्यावरसुद्धा बँकेचे १० लाख ७० हजारांच्या आसपास बाकी असतात, आणि ते फेडल्याशिवाय आरसीवरचा बोजा उतरत नाही. म्हणजे गाडी ३५ ला गेली तरी तुमच्या हातात २४ लाखच येतात. आणि समजा ३५ च्या जागी २२ आले, तर हातात राहतात ११. गाडीचा भाव तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त पडला आणि लेकीचा फंड निम्म्याहून कमी झाला, लोनवर घेतलेल्या गाडीचं हे असं असतं, पडझड सगळी तुमच्या वाट्याला येते, बँकेच्या नाही.

आता २२ हा आकडा मी घाबरवायला काढला असं वाटेल, तर एक खरं उदाहरण बघा. बीएमडब्ल्यूची इलेक्ट्रिक एसयूव्ही आयएक्स१ सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्याकडे आली, बाहेरून आयात केलेली, एक्स-शोरूम ६६ लाख ९० हजार. जानेवारी २०२५ मध्ये त्याच नावाची लांब व्हीलबेसवाली गाडी आली, चेन्नईत तयार झालेली, मागे पाय पसरायला जास्त जागा, एक्स-शोरूम ४९ लाख. सोळा महिन्यांत. आधीची फोर-व्हील ड्राइव्ह होती, ताकदीला जास्त होती, ते मान्य, पण सेकंडहँड घेणारा माणूस ते बघत नाही, तो म्हणतो नवी कोरी ४९ ला मिळतेय तर तुमच्या जुनीला मी किती देऊ? ज्याने ६७ मोजले त्याची गाडी खराब झाली नव्हती, बॅटरी ठणठणीत होती, तरी भाव खाली आला कारण नवीनच स्वस्त झाली.

हेच मुख्य कारण आहे बघा. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत इंजिन झिजतं म्हणून किंमत कमी होते असं आपण लहानपणापासून ऐकलंय, इलेक्ट्रिकमध्ये झिजायचं कमी असतं पण तंत्रज्ञान पुढे पळतं. बॅटरी पॅकचा जगातला सरासरी भाव २०२३ ला किलोवॉट-अवरमागे (बॅटरीची क्षमता मोजायचं एकक) १३९ डॉलर होता, २०२४ ला ११५ झाला. म्हणजे तुमच्या गाडीतला सगळ्यात महाग भागच दरवर्षी नव्याने स्वस्त मिळतोय. खालून महिंद्राची एक्सईव्ही ९ई २१ लाख ९० हजारांपासून सुरू झाली, मोठ्या पॅकमध्ये ७९ किलोवॉट-अवरची बॅटरी, म्हणजे रेंजसाठी लक्झरी गाडीच घ्यावी लागते असंही राहिलं नाही.

दुसरं, टॅक्स. नवीन ईव्हीला जीएसटी फक्त ५ टक्के, आणि महाराष्ट्रात ३० लाखांच्या वरच्या ईव्हीवर ६ टक्के लावायचं २०२५ च्या बजेटमध्ये आलं होतं तेही सरकारने मागे घेतलं. घेताना हे फार छान वाटतं, पण विकताना हेच आडवं येतं, कारण तुमच्या गिऱ्हाइकालाही नवीन गाडी तशीच कमी टॅक्समध्ये मिळते. वर सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल एसयूव्हीचा टॅक्स ५० वरून ४० टक्क्यांवर आला, म्हणजे त्याही बाजूने दाब. आणि जुनी गाडी घेऊन विकणाऱ्या डीलरला आता ईव्हीच्या मार्जिनवर, म्हणजे खरेदी-विक्रीतल्या फरकावर, १२ ऐवजी १८ टक्के जीएसटी आहे, तो काय स्वतःच्या खिशातून देणार आहे? तुमच्याच भावातून कापणार.

माझे एक क्लायंट आहेत पुण्याचे, त्यांनी महागडी इलेक्ट्रिक एसयूव्ही विकायला काढली तेव्हा मी सोबत होतो. एका डीलरने भाव सांगितला तो ऐकून ते गप्पच झाले, दुसरा म्हणाला साहेब पार्क अँड सेलला ठेवा, म्हणजे गाडी आमच्याकडे उभी करा, विकली की पैसे, गिऱ्हाईक आलं तर फोन करतो, तिसऱ्याने भावच सांगितला नाही. ४ महिने गेले गाडी जायला. भाव कमी मिळतो हे एकवेळ सोसता येतं, पण ॲडमिशनची तारीख ४ महिने थांबत नाही हो ताई.

सेल्समनने तुम्हाला इन्शुरन्सची आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनी गाडीची धरते ती किंमत, दाखवली असणार. ती ठरलेल्या तक्त्याने कमी होते, तिसरं वर्ष संपल्यावर ४० टक्के, चौथं संपल्यावर ५० टक्के वजा. ती क्लेमसाठी असते, बाजारात कोणी तेवढे देतो असं नाही. आणि ईव्ही लोनच्या व्याजावर दीड लाखापर्यंतची टॅक्स सूट कोणी सांगत असेल तर ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या लोनलाच होती, तुम्हाला नाही. क्लिनिकच्या नावावर घेतली तर घसारा मिळेल, तेवढं सीएंशी बोला.

मग मी काय करीन तुमच्या जागी? २५ लाख आहेत ना, त्यात ७ लाख लोन टाकून ३०-३२ लाखांची इलेक्ट्रिक एसयूव्ही. हप्ता साडेचौदा हजार. उरलेले ७८-७९ हजार महिन्याला आरडी किंवा शॉर्ट टर्म डेट फंडात लेकीच्या नावाने बाजूला, ७ टक्के धरले तरी ४ वर्षांत टॅक्सआधी ४३ लाख होतात, आणि गाडी दारातच असते.

लक्झरीच हवी असेल, तर तीन वर्षं जुनी बघा, पहिल्या मालकाने मोठी घट सोसलेली असते. बहुतेक कंपन्यांची बॅटरी वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते, ती तुमच्या नावावर ट्रान्सफर होते का ते कंपनीकडून लेखी घ्या, आणि बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट सर्व्हिस सेंटरमधून काढल्याशिवाय टोकन देऊ नका. अशी गाडी घेतलीत तर ती ४ वर्षांत विकायचा विचार सोडा, आठ-दहा वर्षं वापरा.

आणि तरीही नवीच घ्यायची असं दोघांचं ठरलं, तर आज वहीत रिसेलच्या रकान्यात शून्य लिहा. ९३ हजार हप्ता भरून उरलेल्या ३१-३२ हजारांत मुलीचं मेडिकल बसतंय का ते मला आकड्यांसकट कळवा, पीपीएफमध्ये आणि एफडीत किती आहेत तेही लिहा, मग पुढचं बोलू. बुकिंगची रक्कम तोपर्यंत भरू नका.